राज्यशास्त्र : स्वरूप आणि उगम

राज्यसंस्था, शासनव्यवहार व सत्तासंबंध यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे सामाजिक शास्त्र. अंतिम आज्ञा कोणाची, लोक ती का पाळतात व तिला मर्यादा कोणत्या, हे या शास्त्राचे मूलभूत प्रश्न होत.

पाश्चात्त्य परंपरेत या विचाराचा उगम ग्रीक नगरराज्यांत झाला. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने विविध राज्यघटनांची तुलना करून शासनप्रकारांचे वर्गीकरण केले. भारतात हा विषय राजधर्म, दंडनीती व अर्थशास्त्र या नावांनी ओळखला जाई. कौटिल्याने स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र ही राज्याची सात अंगे मानली. त्याचा ग्रंथ आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये म्हैसूर येथे प्रसिद्ध केला, पुढे र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने प्रकाशित केली.

यूरोपात आधुनिक राज्याबरोबर सार्वभौमत्वाची कल्पना पुढे आली. झां बॉदँ याने १५७६ मध्ये तिची मांडणी केली. जॉन ऑस्टिन याने १८३२ मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्या निश्चित वरिष्ठाची आज्ञा समाजातील बहुसंख्य लोक सवयीने पाळतात आणि जो स्वतः अन्य कोणाची आज्ञा पाळत नाही, तो सार्वभौम होय. स्वतंत्र विद्याशाखा म्हणून राज्यशास्त्राला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थान मिळाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राज्यशास्त्राची शाखा १८८० मध्ये स्थापन झाली. भीमराव आंबेडकर यांनी १९१३ ते १९१६ या काळात त्याच विद्यापीठात अध्ययन केले. भारतीय राज्यशास्त्र परिषदेची स्थापना १९३८ मध्ये झाली.

ऑस्टिनची व्याख्या प्रत्यक्षात कितपत लागू पडते, हे पाहण्यास वऱ्हाडचा इतिहास उद्बोधक आहे. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा समावेश असलेला हा प्रदेश निजामाने १८५३ च्या तहान्वये, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी, इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर देण्यात आला व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला. मात्र निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री कायम राहिले. परिणामी लोणार परिसरातील बीबीसारख्या गावाचा नामधारी सार्वभौम हैदराबादेत होता, तर सारावसुली व न्यायदान इंग्रज अधिकाऱ्यांकडे होते. शेजारच्या मराठवाड्यात मात्र त्याच निजामाचा प्रत्यक्ष अंमल चालू होता. निजामाने वऱ्हाड परत मागितले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने मार्च १९२६ मध्ये त्यास कळविले की, ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व भारतात सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत. तरीही १९३६ च्या करारात निजामाचे वऱ्हाडवरील सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले आणि त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कायदेशीर अधिकार व प्रत्यक्ष सत्ता एकाच ठिकाणी असतात, हे गृहीत धरता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. या दोहोंच्या वादात प्रजेची संमती विचारात घेतली गेली नाही, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासाचा भर राज्य व घटना यांच्या औपचारिक वर्णनावरून पक्ष, मतदान, दबावगट व राजकीय वर्तन यांकडे वळला. डेव्हिड ईस्टन याने १९५३ मध्ये समाजातील मूल्यांचे अधिकृत वाटप हा राजकारणाचा गाभा मानला. भारतात १९५० च्या संविधानाने सत्तेचा उगम लोकांत असल्याचे घोषित केले. वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. त्यामुळे अंतिम आज्ञा कोणाची, या जुन्या प्रश्नाबरोबरच ती ठरविण्यात सामान्य नागरिकाचा वाटा किती, हा प्रश्नही राज्यशास्त्राच्या केंद्रस्थानी आला.