कापूनही न थांबलेली आग

मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग बधिर झालेले पेशंट आम्हा फिजिओथेरपिस्टांना हमखास सांगतात, ‘टाचणी टोचली तर कळत नाही, पण पाय रात्रभर पेटलेले असतात.’ नातेवाईक एकमेकांकडे बघतात. जुन्या सर्जननी मात्र सुरी उचलली होती.

त्यांच्या हातात नकाशा होता. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत शिरला की तिथल्या पेशी तो उचलतात, त्यांचे तंतू पलीकडच्या बाजूला जातात आणि रज्जूच्या पुढच्या-बाहेरच्या भागातून मेंदूतल्या थॅलॅमसकडे चढतात. हलक्या स्पर्शाची मुख्य वाट निराळी, पाठीमागून. फिलाडेल्फियाच्या विल्यम स्पिलर यांनी 1905 मध्ये मज्जारज्जूत क्षयाच्या गाठी झालेल्या रुग्णाची नोंद केली. त्याला दुखणं आणि गरम-गार कळेनासं झालं होतं, स्पर्श मात्र शाबूत होता. पुढे स्पिलर यांच्याच सांगण्यावरून एडवर्ड मार्टिन यांनी 1911 मध्ये एका रुग्णाची नेमकी ती वाट कापली. हीच कॉर्डोटॉमी. कॅन्सरने तळमळणाऱ्या कित्येकांना तिने झोप दिली, हे मान्य करायलाच हवं.

मणक्याच्या पेशंटांच्या आगीने मात्र तिला फारसं जुमानलं नाही. मग काहींचा तर रज्जूचा तुकडाच काढून टाकला गेला! 1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि न्यूरोसर्जन जॉन लोझर यांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं. मधली तार उरलीच नव्हती, तरी पाय दुखतच होते. म्हणजे दुखण्याचा उगम तुटलेल्या जागेच्या वरही असू शकतो. खालून निरोप येणं थांबलं की वरच्या पेशी आपणहून निरोप पाठवू लागतात, असं त्यांचं म्हणणं. मेलझॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर 1965 मध्ये मांडलेली वेदनेच्या ‘दारा’ची उपपत्ती जास्त गाजली, पण मला मोल वाटतं ते 1978च्या या निबंधाचं. पेशंट खरं बोलत होता, हे त्यात एका सर्जनच्या सहीने आलं.

आता या आगीवर औषधही दिलं जातं: प्रीगाबालिन, फिटच्या आजारातही वापरलं जाणारं. अमेरिकेत मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या या दुखण्यासाठी त्याला मान्यता मिळाली ती 2012 मध्ये. सगळ्यांना त्याने गुण येत नाही.

माझं सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पहिल्याच तपासणीत ‘बधिर जागी आग होते का?’ हे विचारा आणि उत्तर पेशंटच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा.