दुःखाचे उत्तरदायित्व : नीलकंठशास्त्री गोऱ्हे आणि पंडिता रमाबाई

ईश्वर सर्वसमर्थ आहे आणि दयाळूही आहे, मग त्याने निर्मिलेल्या जगात दुःख आणि दुरित का, या प्रश्नाला युरोपीय विचारात 'थिऑडिसी' हे नाव मिळाले ते लाइबनिट्झच्या १७१० मधील ग्रंथामुळे. प्रश्न अर्थात त्याहून पुष्कळ जुना आहे. दुरिताला स्वतंत्र सत्ता नाही, ते चांगुलपणाचा अभाव आहे आणि त्याचे मूळ मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यात आहे, ही ऑगस्टीनची मांडणी ख्रिस्ती परंपरेत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर व्हॉल्टेअरने लाइबनिट्झच्या आशावादाची खिल्ली उडवली, हेही आपण वाङ्मयेतिहासात वाचलेले असते. या साऱ्या चर्चेतला प्रतिवादी मात्र संशयवादी किंवा नास्तिक असतो. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांबरोबर हा प्रश्न भारतात आला तेव्हा समोर उभा होता तो नास्तिक नव्हे. समोर होता पूर्वजन्म मानणारा पंडित, आणि त्याच्यापाशी उत्तर आधीपासूनच तयार होते. एवढेच नव्हे, तर ते उत्तर आपल्यापाशी आहे आणि तुमच्यापाशी नाही, हेच त्याचे प्रमुख शस्त्र होते.

हा फरक नीट लक्षात घेतला नाही तर अव्वल इंग्रजी काळातील धर्मवादाचे वाङ्मय केवळ प्रचार आणि प्रतिप्रचार एवढेच दिसू लागते. मराठी समीक्षेने बहुतांशी ते तसेच पाहिले आहे. 'मिशनरी वाङ्मय' असा शिक्का एकदा मारला की संहिता वाचण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत लेखात मी या वादातील एकच धागा हाती घेत आहे : दुःखाचे उत्तरदायित्व कोणावर?

कर्मसिद्धांताची तार्किक ताकद प्रथम मान्य केली पाहिजे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर येऊ शकणाऱ्या दोन दोषांचा विचार आहे : वैषम्य म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयता. कोणी राजाच्या घरी जन्मतो, कोणी जन्मांध म्हणून जन्मतो. हे जर ईश्वर करीत असेल तर तो पक्षपाती आणि क्रूर ठरतो. त्यावरचे उत्तर असे की ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवूनच सृष्टी करतो, आणि संसार अनादि असल्यामुळे पहिले कर्म कोठून आले हा प्रश्न उद्भवत नाही. मॅक्स वेबरने धर्मांच्या तौलनिक अभ्यासात कर्मसिद्धांताला दुःखाच्या समस्येचे सर्वांत सुसंगत उत्तर मानले, ते या बंदिस्तपणामुळेच. या हिशेबात शिल्लक काहीच राहत नाही. पुढे त्यावर आक्षेप आला तोही याच मुद्द्यावर.

१८३९ मध्ये जॉन म्यूर या मुलकी सेवेतील स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' ही संस्कृत पद्यरचना प्रसिद्ध केली. पुढे 'ओरिजिनल संस्कृत टेक्स्ट्स'चे संपादक म्हणून जे विद्वान ख्यातनाम झाले, तेच हे म्यूर. ख्रिस्ती मताचे मंडन त्यांनी गुरुशिष्यसंवादाच्या रूपात केले, म्हणजे पंडितांशी पंडितांच्याच आकृतिबंधात बोलण्याचा प्रयत्न केला. त्याला संस्कृतातून तीन उत्तरे आली. त्यांतील 'सोमनाथ' या नावाने आलेले पहिले उत्तर सुबाजी बापू यांचे, असे रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मधील आपल्या अभ्यासात मांडले आहे; हे सुबाजी बापू म्हणजे सिहोरच्या पाठशाळेतील, कोपर्निकसच्या खगोलशास्त्राचा मराठीतून पुरस्कार करणारे ज्योतिषी. (एका बाजूने पृथ्वी फिरते म्हणून सांगणारा आणि दुसऱ्या बाजूने म्यूरला उत्तर देणारा हा मनुष्य आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात अजून यथायोग्य जागी बसलेला नाही.) तिसरे उत्तर काशीतल्या एका कोकणस्थ तरुणाचे. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ चा. १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला तेव्हा ते विशीच्या आसपास होते.

'शास्त्रतत्त्वविनिर्णया'तील ख्रिस्ती मताच्या खंडनाचा गाभा हा दुःखाचा प्रश्न आहे. ख्रिस्ती मतानुसार प्रत्येक जीव ईश्वर नव्याने निर्माण करतो. त्याला पूर्वेतिहास नाही. मग जन्मतःच रोगाने ग्रासलेल्या अर्भकाने काय केले होते? पशूंना अमर आत्मा नाही असे म्हणता, तर त्यांना या लोकी वेदना का आणि परलोकी भरपाई का नाही? ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी गेलेच नाही त्याला दंड कशाचा? आणि मर्यादित आयुष्यातल्या मर्यादित पापासाठी अनंत नरक देणारा न्यायाधीश कोणत्या न्यायाने वागतो? वैषम्य आणि नैर्घृण्य हे जुने दोष येथे नव्या प्रतिपक्षावर लावलेले दिसतात. युरोपात संशयवाद्यांनी विचारलेले प्रश्न येथे एक श्रद्धावान, शास्त्राचे प्रामाण्य तर्काहून वरचे मानणारा तरुण विचारतो आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'हिंदूंचा प्रतिकार भावनिक होता' असे मानणाऱ्यांनी ही संहिता जरूर पाहावी. सदाशिव कात्रे यांनी ती १९५१ मध्ये उज्जैनहून संपादित करून प्रसिद्ध केली आहे.

यानंतरची घटना प्रसिद्ध आहे. काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांना निरुत्तर करावयास गेलेले नीलकंठशास्त्री मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे ख्रिस्ती झाले आणि नेहेमाया हे नाव त्यांना मिळाले. आपले वाङ्मयेतिहासकार येथे एक तर 'धर्मांतर' म्हणून थांबतात किंवा 'साक्षात्कार' म्हणून थांबतात. खरा पेच येथून सुरू होतो. ख्रिस्ती मताविरुद्धचा सर्वांत समर्थ युक्तिवाद ज्याने स्वतः रचला होता, त्यालाच आता त्याचे उत्तर द्यावे लागणार होते. शास्त्रार्थात पूर्वपक्ष दुसऱ्याचा असतो. गोऱ्हे यांच्या बाबतीत तो त्यांच्याच हातचा होता.

उत्तर आले ते १८६० मधील 'षड्दर्शन दर्पण' या हिंदी ग्रंथात. फिट्झएडवर्ड हॉल यांनी दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यातील दिशा स्थूलमानाने अशी सांगता येईल : ज्या अपराधाची आठवणच नाही त्याची शिक्षा भोगणाऱ्याला सुधारू शकत नाही, म्हणून ती शिक्षा या नावालाही पात्र नाही; आणि प्रत्येक दुःख हे शिक्षाच असले पाहिजे हे गृहीत मुळातच सिद्ध झालेले नाही. ईश्वराचे हेतू मनुष्याच्या आकलनापलीकडचे असू शकतात. तर्काच्या दृष्टीने यातला पहिला भाग प्रभावी आहे. दुसरा मात्र, विशीतल्या नीलकंठशास्त्र्यांनी क्षणभरही मान्य केला नसता असा आहे. 'आम्हांला कळत नाही' हे उत्तर वादसभेत पराभवाचे चिन्ह समजले जाते, आणि गोऱ्हे यांना हे ठाऊक होते. तरीही त्यांनी ते दिले, हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक वाटते. कर्माचा हिशेब मोडल्यावर त्या जागी दुसरा हिशेब मांडण्याचा मोह त्यांनी टाळला.

एका बाबतीत मात्र त्यांना हिशेबापासून सुटका नव्हती. अनंत दंडाच्या सिद्धांताने त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. १८६८ मध्ये, म्हणजे दीक्षेनंतर वीस वर्षांनी, त्यांनी या सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर देणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. आक्षेपक अर्थातच ब्राह्मो आणि तत्सम सुधारक होते, पण त्यांचे आक्षेप 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'तीलच होते. गार्डनर यांनी लिहिलेल्या चरित्रात शंकांनी ग्रासलेले, पुन्हापुन्हा तेच प्रश्न उकरणारे जे गोऱ्हे दिसतात, ते समजून घ्यावयाचे तर त्यांच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथांना एकाच संवादाचे भाग म्हणून वाचावे लागते. आणखी एक गोष्ट. त्यांची पत्नी १८५३ मध्ये, कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारली, आणि ती कन्या, पुढे इंग्रजीत भक्तिगीते लिहिणारी एलन लक्ष्मी गोऱ्हे, परक्या घरी वाढली. तात्त्विक ग्रंथांत याची सावलीही पडलेली दिसत नाही. शास्त्रार्थाच्या आकृतिबंधात बोलणाऱ्याच्या स्वतःच्या दुःखाला जागाच नसते.

ती जागा मराठी गद्याने हळूहळू निर्माण केली. बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) विधवांची दुःखे एकामागून एक समोर येतात. कादंबरी म्हणून ती सैल आहे आणि उपदेश जागोजागी डोके वर काढतो. पण येथे 'अर्भकाने काय केले होते' या अमूर्त प्रश्नाच्या जागी ठावठिकाणा असलेल्या बायका आल्या, हे कमी नाही. पद्मनजींचा निर्णय सरळ आहे : हे दुःख रूढीने दिलेले आहे. मग ईश्वराने रूढी का चालू दिली, हा पुढचा प्रश्न ते घेत नाहीत.

रमाबाईंपाशी येताना हे दोन्ही धागे एकत्र येतात, आणि योगायोगाने नव्हे. गोऱ्हे उत्तरायुष्यात पुण्यात पंच हौद मिशनमध्ये होते (पंच हौद म्हटले की आपल्याला १८९० चा चहा तेवढा आठवतो), आणि रमाबाईंच्या ख्रिस्तदीक्षेपूर्वी त्यांच्याशी झालेली चर्चा व पुढे त्यांनी पाठवलेले पत्र यांचे ऋण रमाबाईंनी मान्य केले आहे. ही दीक्षा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे झाली. तोवर दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली होती, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी दास पटकीने. आणि दीक्षेच्या आधीच त्यांच्यासोबत इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली होती. कर्मसिद्धांतानुसार या सगळ्याचा जमाखर्च एकट्या रमाबाईंच्या नावावर पडतो.

'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या ग्रंथात त्यांनी नेमका हाच धागा पकडला. वैधव्य हे पूर्वजन्मीच्या घोर पापाचे फळ मानले जाते, म्हणून विधवेला शिक्षा होते ती दोनदा : एकदा दैवाकडून, आणि दुसऱ्यांदा दैवाच्या निर्णयाची अंमलबजावणी करणाऱ्या घरच्या माणसांकडून. गोऱ्हे यांचा आक्षेप होता की ही शिक्षा निरर्थक आहे. रमाबाईंचा आक्षेप आहे की ती फार उपयोगाची आहे, आणि तो उपयोग कोणाला होतो हे त्या दाखवतात. तर्काचा दोष येथे सत्तेचा दोष होतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे; आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. पूर्वजन्माच्या वादात हा उतारा दोन्ही बाजूंनी वापरला जाऊ शकतो, कारण शिष्यांच्या प्रश्नात जन्मापूर्वीच्या पापाची शक्यता गृहीत आहे. पण उत्तरातला नकार एका विधवेच्या कानांनी ऐकून पाहावा. तो दुःखाचे कारण फारसे उलगडत नाही; भोगणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून मात्र बाहेर काढतो. आदिपापाचा सिद्धांत सगळ्यांनाच पुन्हा त्या पिंजऱ्यात उभे करतो, ही अडचण उरतेच. फरक एवढाच की तेथे विधवेशेजारी तिचा सासराही उभा असतो.

रमाबाईंनी दुष्काळाविषयी जे लिहिले, आणि १९०७ च्या 'अ टेस्टिमनी'मध्ये जे पुन्हा सांगितले, त्यात युक्तिवाद जवळजवळ नाही. देवदेवतांपुढे केलेली व्रते, ब्राह्मणांना दिलेले दान, संपलेले पैसे, जलसमाधीचा विचार करणारे वडील, त्यांनी मुलीला दिलेला अखेरचा निरोप. वाद गळून पडतो आणि साक्ष उरते. हा केवळ शैलीतला बदल मानता येणार नाही. शास्त्रार्थात वक्ता न्यायाधीशाच्या किंवा वकिलाच्या जागी असतो. साक्षीत तो घडलेल्या गोष्टीच्या जागी असतो. अर्थात 'अ टेस्टिमनी' हीदेखील संकेतबद्ध रचना आहे : भूतकाळातली प्रत्येक यातना ईश्वराच्या मार्गदर्शनाचा टप्पा म्हणून मागाहून रचली जाते, आणि हे रचणे कधीकधी त्या यातनेवर अन्याय करते असे मला वाटते. वडिलांच्या मृत्यूचे प्रयोजन कन्येची ख्रिस्तदीक्षा हे होते, असे म्हणू पाहणारे वाक्य कोणत्याही कर्मविपाकाइतकेच निर्दय ठरेल. रमाबाई त्या वाक्याच्या जवळ जातात, पण ते उच्चारत नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यातून झाला. त्या काळी दुष्काळ हा मूर्तिपूजेबद्दलचा ईश्वरी दंड आहे, असे म्हणणारे मिशनरी होते. म्हणजे कर्माचा हिशेब नाकारणाऱ्यांनीच तो सामूहिक पातळीवर पुन्हा मांडला होता. रमाबाई त्याच वर्षी काय करीत होत्या? मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांची जी दैना होती, त्यांच्या आश्रयाला असलेल्या एका मुलीचे जे झाले, त्याचा जाब त्यात सरकारला विचारला होता. पत्राचा विषय ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निघाला, आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यातील मजकूर खोटा ठरवला. त्या पत्रात ईश्वराला प्रश्न नाही आणि पूर्वजन्माचे खंडनही नाही. तेथे एका इस्पितळाचे नाव आहे, एक मुलगी आहे, आणि ती परत आली नाही याचे उत्तर कोणी द्यावयाचे हे नावानिशी सांगितलेले आहे.