पायाखालची गळती

घराच्या तळाशी जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या थराखालून किंवा त्याच्या पोटातून जाणारा पाइप फुटून होणारी पाण्याची गळती. अमेरिकेतले प्लंबर हिला ‘स्लॅब लीक’ म्हणतात. हे दुखणे मुख्यतः टेक्सस, कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा या उबदार राज्यांतले. उत्तरेकडे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, पाया खाली न्यावा लागतो. मग तळघर ओघानेच येते आणि पाइप त्याच्या छताला उघडे राहतात. दक्षिणेत ती सक्ती नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची मागणी उसळली तेव्हा बिल्डरांनी जमीन सपाट केली, पाइप अंथरले, वर साधारण ४ इंच काँक्रीट ओतले आणि त्यावर लाकडी घर उभे केले. काम स्वस्त आणि झटपट झाले, पण पाइप गाडला गेला.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउनमध्ये तर थंडी असूनही तळघर वगळले होते. घर उबदार राहावे म्हणून गरम पाणी फिरवणाऱ्या तांब्याच्या नळ्या काँक्रीटमध्येच पुरल्या होत्या. कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर यांच्या नावाजलेल्या घरांतही हीच पद्धत होती. कोरियन युद्धाच्या काळात तांबे मिळेना, तेव्हा त्यांतल्या काही घरांत पोलादी नळ्या घातल्या गेल्या आणि त्या पुढे गंजल्या. जमिनीखालच्या नळीला भोक पडले की एक तर फरशी फोडायची, नाही तर ती व्यवस्थाच सोडून द्यायची; अनेकांनी दुसरा मार्ग धरला.

पाण्याच्या रासायनिक गुणांमुळे तांब्याला आतून टाचणीएवढी भोके पडतात. गरम पाण्याचा पाइप दिवसातून अनेकदा प्रसरण-आकुंचन पावतो आणि खडीला किंवा काँक्रीटला घासत राहतो, म्हणून गरम लाइनच जास्त गळते. टेक्ससमध्ये यात मातीची भर पडते. डॅलस परिसरातली काळी चिकणमाती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानाच्या जातीचीच: भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. एका कोपऱ्यात पाइप गळू लागला की तेवढीच माती फुगून पाया उचलते. भिंतीला तिरक्या चिरा जातात, दारे चौकटीत अडकू लागतात. खरे नुकसान वाया गेलेल्या पाण्याचे नसते, या भिजलेल्या मातीचे असते.

गळतीचा पहिला पुरावा बहुधा पाण्याच्या बिलात सापडतो. अनवाणी पायाला फरशीचा एखादा तुकडा कोमट लागणे, गालिचा ओलसर राहणे, रात्री सगळे बंद असताना पाणी वाहिल्याचा आवाज येणे, ही पुढची लक्षणे. खात्री करायला पैसे लागत नाहीत. घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहायचा. काटा फिरत असेल तर गीझरकडे जाणारी तोटी बंद करायची. काटा थांबला तर दोष गरम लाइनमध्ये. नेमकी जागा मात्र जाणकारच शोधतो. तो ध्वनियंत्राने फरशी ऐकतो, थर्मल कॅमेरा फिरवतो किंवा पाइपमध्ये ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचे मिश्रण सोडून ते कुठून वर येते ते हुंगणाऱ्या यंत्राने पाहतो. सांडपाण्याच्या लाइनला दाब नसतो, त्यामुळे तिथली गळती मीटरवर दिसत नाही. ती लाइन खालच्या टोकाला बुजवून पाण्याने भरतात आणि पातळी उतरते का ते बघतात.

दुरुस्तीचे मार्ग तीन. फरशी फोडून तेवढाच जोड बदलणे सर्वांत सोपे दिसते. पण ताणलेल्या पोलादी तारांचा स्लॅब असेल तर हे काम जिवावर बेतू शकते. तार तुटली की साठलेला ताण एका झटक्यात सुटतो. म्हणूनच अशा घरांच्या गॅरेजमध्ये ‘कापू नका’ अशी सूचना कोरलेली आढळते. दुसरा मार्ग बाहेरून बोगदा खणण्याचा. टेक्ससमध्ये तो रुळलेला आहे; घरातली फरशी शाबूत राहते, पण मजुरी भारी पडते. तिसरा मार्ग म्हणजे जुना पाइप आहे तिथेच मृत सोडून भिंतींतून आणि माळ्यावरून प्लास्टिकचा नवा पाइप नेणे. जुन्या तांब्याच्या लाइनला एक भोक पडले की दुसरे फार लांब नसते, त्यामुळे बहुतेक वेळा हाच मार्ग शहाणपणाचा. फक्त माळ्यावरचा पाइप नीट गुंडाळलेला हवा. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्ससमधल्या अनेक घरांचे माळ्यावरचे पाइप फुटले होते.

विमा हा वेगळाच घोळ. गळतीमुळे पायाचे झालेले नुकसान तेव्हाच्या प्रमाणित घरविम्यात बसते, असा निकाल टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. आज तिथल्या अनेक पॉलिसींत हे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते. ह्यूस्टन-डॅलसकडे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे कलम सही करण्याआधी वाचावे.

महाराष्ट्रात हा प्रकार विरळा. अमेरिकन घरातल्या पाइपला चोवीस तास साधारण ४० ते ८० पीएसआय दाब असतो. दुमजली बंगल्याच्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावर जेमतेम १०-१२. शिवाय आपले बरेचसे पाइप भिंतीतून किंवा भिंतीबाहेरून जातात. आपल्याकडे पायाशेजारची माती भिजते ती बहुधा तडकलेल्या हौदामुळे किंवा फुटलेल्या ड्रेनेजमुळे.

गळती थांबल्यावर लगेच पाया सरळ करायला घेऊ नये. भिजलेली माती सुकून स्थिरावायला काही महिने लागतात. त्याआधी उचललेला पाया पुन्हा हलतो आणि खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.