काल्पनिक कुस्तीचा पंच कोण?

गामा आणि हरिश्चंद्र बिराजदार समोरासमोर आले असते तर चीत कोण झाला असता? पेडगाव घ्या की मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव, जत्रेतील शेवटची मानाची कुस्ती सुटली, हलगी थांबली की असा एखादा प्रश्न पारावर निघतोच. इतिहासाच्या अभ्यासकांना हा रिकामा उद्योग वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. न झालेल्या कुस्तीचा निकाल देताना माणसे इतिहास कसा वापरतात, हे त्या वादात उघडे पडते.

या उद्योगाला अमेरिकेने यंत्राची जोड दिली होती. १९६७ साली तेथे निरनिराळ्या काळांतील अजिंक्य मुष्टियोद्ध्यांच्या काल्पनिक लढती संगणकाकडून ठरवून रेडिओवर ऐकवल्या गेल्या. त्यांत जिम जेफ्रीजकडून हरल्याचे ऐकून मुहम्मद अलीने चक्क दावा ठोकला. पुढे १९६९ मध्ये अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटुची लढत दिली. ती चित्रपटगृहांत झळकली जानेवारी १९७० मध्ये, आणि तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी ठरला. तोवर मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. यंत्र निःपक्षपाती खरे. पण त्याला कोणती माहिती द्यायची आणि कोणत्या गुणाला किती वजन द्यायचे, हे माणसांनीच ठरवले होते.

कुस्तीत तर नियमांच्याही आधी जमिनीचा प्रश्न येतो. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची गादीवर गाठ पडली. झ्बिस्कोने गादीला अंग चिकटवून बचाव केला आणि अडीच तासांहून अधिक झुंजूनही कुस्ती निकाली झाली नाही. तेच दोघे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळ्यात, हिंदुस्थानी आखाड्यात भिडले. दोघेही पन्नाशीच्या घरात होते. गामाने एक मिनिटाच्या आत झ्बिस्कोला अस्मान दाखवले. माणसे तीच, जमीन आणि काळ बदलला, निकाल बदलला.

खाशाबा जाधवांचा अनुभवही याच जातीचा आहे. मातीत तयार झालेला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षे गादीच्या नियमांचा अभ्यास केल्यावर १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. तेव्हा १९४८ चे खाशाबा आणि १९५२ चे खाशाबा यांचीच कुस्ती लावली तर? मातीत एक उत्तर येईल, गादीवर दुसरे.

म्हणून गामा–बिराजदार वादात ‘कोण जिंकेल’ याआधी ‘कुठे आणि कोणत्या नियमांनी’ हे विचारले पाहिजे. बिराजदार आजच्या लातूर जिल्ह्यातले. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकविजेते. त्या स्पर्धेत वजनगट होते, गुण होते, घड्याळ होते. गामाच्या कुस्तीत चितपट हाच निकाल. गुणांवर लावली तर बिराजदारांचे पारडे जड. वेळेची मर्यादा न ठेवता मातीत लावली तर गामाचे. पंचाने नियम निवडले, की निम्मा निकाल त्याच्या खिशात असतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. या काल्पनिक आखाड्यात उतरण्याची परवानगी कोणाला मिळते? ज्याचे नाव लिहिले गेले, त्यालाच. कोल्हापूरला राजर्षी शाहूंचा आश्रय होता, १९१२ पासून खासबागेचे मैदान होते. तेथील मल्लांची नावे टिकली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली, तीही औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात; तेव्हापासून निदान विजेत्यांची नावे वर्षवार सांगता येतात. त्याआधी गावोगावच्या फडांत पाठ न लागलेले जे गडी होऊन गेले, ते वस्तादांच्या बोलण्यात जगले आणि वस्तादांबरोबरच गेले. त्यांच्यातला एखादा गामालाही भारी पडला असता, असे कोणी म्हणाले तर ते खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. इतिहासाच्या दृष्टीने हा पराभवच. कारण त्यांची जोड लावायलाच आपल्यापाशी काही उरलेले नाही.

तेव्हा पारावरचा वाद खुशाल रंगू द्यावा, पण वाद घालणाऱ्या वृद्धांजवळ वही घेऊन बसावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो. मल्ल कोणत्या गावचा, तालीम कोणाची, साल कोणते, कुस्ती किती वेळ चालली, कोणत्या डावावर निकाली झाली, एवढे पाच प्रश्न पुरेत. गामाला लढत द्यायला आमच्या भागातूनही कोणी उभा करायचा, तर आधी त्याचे नाव हाती हवे.