खाणीवरची दवंडी

भरभर चालू नका. जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर आहात तुम्ही. चार पावलं घाईनं टाकलीत की छातीचा भाता होईल. समोरून येणारी बाई, पाठीवर रंगीत धाबळीत पोर बांधलेली, तुमची दशा बघून मूठभर कोकाची पानं पुढे करेल. घ्या. तंबाखूसारखी गालात धरून ठेवा. जरा वेळानं बरं वाटेल.

वर्ष १९६३. बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतावरची ही कथिलाची खाण. नाव सिग्लो बेइंते, म्हणजे ‘विसावं शतक’, आणि वस्तीचंही तेच नाव. १९५२च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारी झाल्या, पण कामगारांची घरं बदललेली नाहीत. मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, एकेक खोली, लांबच लांब चाळी. पलीकडे खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचे डोंगर आहेत. त्यांवर बसून बायका हातोडीनं दगड फोडतायत, उरलंसुरलं कथिल वेचतायत. त्यांना इथे पल्यिरी म्हणतात. बऱ्याचजणी विधवा आहेत. दगडाची धूळ इथल्या पुरुषांची फुप्फुसं लवकर खाते.

युनियनच्या इमारतीत शिरा. दारावर कुणी अडवणार नाही. आत ‘ला बोस देल मिनेरो’ हे रेडिओ स्टेशन आहे, खाणकामगाराचा आवाज. ना मालक, ना नफा. कामगार मजुरीतून दरमहा वर्गणी देतात, तिच्यावर ट्रान्समीटर चालतो. पगारी माणसं मोजकी, बाकीचे खाणीतली पाळी संपवून येतात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकलेत. माईकसमोर बसलेल्या तरुणाच्या नखांत अजून खाणीची काळी माती आहे.

त्याच्या शेजारी बसा आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या बघा. वहीच्या पानांचे, सिगारेटच्या पाकिटांचे तुकडे. अमक्याचं गाढव परवापासून सापडत नाही, डावा कान कापलेला आहे. अमकीच्या बहिणीला मुलगा झाला, दोघं सुखरूप. रविवारी फुटबॉलचा सामना आहे, बूट ज्याचे त्यानं आणावेत. तो प्रत्येक चिठ्ठी आधी स्पॅनिशमध्ये वाचतो, मग केचुआत. ज्याला लिहिता येत नाही तो स्वतः आत येतो, टोपी हातात धरून माईकसमोर उभा राहतो आणि एकदम ओरडतो, कारण लांब गावाला ऐकू जायचं तर ओरडायलाच हवं असं त्याला वाटतं. तरुण त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच थोडं मागे ओढतो. बास, इतकंच. कुणी हसत नाही.

आपल्याकडे गावात दवंडी पिटायचे. ही तीच दवंडी आहे. फरक एवढाच की इथे दवंडीवाला पाटलानं धाडलेला नाही, ज्यांना ऐकायचंय त्यांनीच त्याला उभा केलाय. त्या गाढवाची चिठ्ठी नीट लक्षात ठेवा. पुढे जे होणार आहे ते त्या चिठ्ठीशिवाय समजायचं नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता चार वर्षं पुढे या. १९६७, २३ जूनची रात्र, सान हुआनचा सण. दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा. प्रत्येक दारासमोर शेकोटी पेटलीय, गाणी चाललीत, पोरं आगीवरून उड्या मारतायत. लवकरच इथे खाणकामगारांच्या प्रतिनिधींची बैठक भरायची आहे. चे गेवारा याच सुमारास बोलिव्हियाच्या जंगलात आहे, आणि कामगार त्याच्या गनिमी सैनिकांना मदत करतील ही धास्ती लष्कराला लागलीय. पहाटे, निखारे विझत आले असताना, सैनिक वस्तीत शिरतात. पहिले बार ऐकून लोकांना फटाकेच वाटतात. तुम्हालाही तसंच वाटेल. किमान वीस माणसं त्या पहाटे मारली गेली. नेमका आकडा आजही वादात आहे. युनियनची इमारत आणि तिच्यातला रेडिओ वाचवताना युनियनचा नेता रोसेंदो गार्सिया माइसमान मारला गेला.

इथे जास्त वेळ थांबवत नाही तुम्हाला. फक्त एवढं बघून ठेवा की सैनिक सर्वांत आधी कुठल्या दाराकडे धावतात.

जानेवारी १९७५मध्ये तेच पुन्हा झालं. लष्करानं स्टेशनं फोडली. कामगार संपावर गेले. रोजच्या जेवणाची भ्रांत असलेली माणसं मजुरी बुडवून मागत होती ती पगारवाढ नव्हे, आमचा रेडिओ आम्हाला परत द्या एवढंच.

आणि आता गुरुवार, १७ जुलै १९८०. जनरल लुईस गार्सिया मेसा यानं सत्ता बळकावलीय. सरकारचं मुख्य ठाणं असलेल्या ला पासमध्ये मध्यवर्ती कामगार संघटनेच्या कार्यालयावर हल्ला झालाय, समाजवादी नेते मार्सेलो किरोगा सांता क्रूस यांना गोळी घातलीय. शहरातली रेडिओ स्टेशनं एकामागून एक ताब्यात गेलीत. उरलीत ती डोंगरातली, खाणींवरची. सिग्लो बेइंते, कातावी, हुआनुनी, कोल्किरी, खाली दक्षिणेला अनिमास. सिग्लो बेइंतेच्या शेजारीच पाद्र्यांनी १९५९मध्ये काढलेलं ‘पियो दोसे’ही आहे. ते आलं होतं कामगारांना साम्यवादापासून दूर ठेवायला, पण खाणीवर राहता राहता कामगारांच्याच बाजूचं झालं.

रात्री पुन्हा त्याच खोलीत बसा. या सगळ्या स्टेशनांनी साखळी धरलीय, लोकशाहीची साखळी. रीत अशी: एक स्टेशन बोलतं, बाकीची त्याचा आवाज रेडिओवर पकडतात आणि आपापल्या ट्रान्समीटरवरून पुढे सोडतात. थोड्या वेळानं पाळी दुसऱ्याची. एकाचा आवाज तुटला तर पुढचा उचलतो. कुठल्या रस्त्यानं सैन्याच्या गाड्या निघाल्यात, कुठे रस्ता अडवायला माणसं हवीत, कुणाला पकडलं, सगळं या एका धाग्यावरून देशभर जातं. आवाज चिरका आहे, मध्येच बुडतो, तरी विश्वासाचा आहे. सतरा वर्षांपूर्वी याच स्टेशनानं कानकाप्या गाढवाचा पत्ता खरा सांगितला होता. म्हणून आज ते म्हणतं सैन्य येतंय, तर लोक उठून बाहेर पडतात. दाराशी बायका राखण करतायत, पोंचोखाली हातात डायनामाइटच्या कांड्या. ज्या हातांनी चिठ्ठ्या आणून दिल्या तेच हात.

दिवस जातात तशी साखळी आखूड होत जाते. एक स्टेशन गप्प होतं, मग आणखी एक. ऑगस्टच्या सुरुवातीला काराकोलेसच्या खाणीवर माणसं मारली जातात.

पुढचंही सांगून टाकतो, कारण ते न सांगणं बरोबर होणार नाही. १९८२मध्ये लष्करशाही हटली, स्टेशनं पुन्हा बोलू लागली. १९८५मध्ये कथिलाचा भाव कोसळला आणि सरकारनं खाणी मोडीत काढल्या. २०,०००हून जास्त कामगार घरं सोडून गेले, कुणी शहराच्या कडेला, कुणी कोकाच्या शेतीकडे. त्यानंतर बरीचशी स्टेशनं बंद पडली. वर्गणी द्यायलाच कुणी उरलं नव्हतं.

पण तुम्ही अजून १९८०मध्येच आहात, साखळी तुटत आल्याच्या एका रात्री. आता स्टेशनात जाता येत नाही, रस्त्यावर सैनिक आहेत. एका चाळीतल्या खोलीत तुम्हाला आसरा मिळालाय. कोपऱ्यात गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं, चुन्योचं, पोतं आहे. घरची बाई बॅटरीवरचा छोटा रेडिओ घोंगडीखाली घेऊन बसलीय, कान लावून. दोन पोरं तिला चिकटलीत. एरवी ती सेल संपतील म्हणून त्यांच्यावर खेकसते, गाणं लागलं की बटण फिरवून टाकते.

आवाज लांबून येतोय, अनिमासचा. निवेदक सांगतोय की सैन्य आता अगदी जवळ, काही किलोमीटरवर आलंय. त्याच्या मागे माणसांची गलबल ऐकू येते. तो शांत आहे, शब्द नीट लावून बोलतोय, जणू उद्याही याच खुर्चीवर बसायचंय. मग तो आवाज तुटतो.

बाई सुई हळूहळू फिरवते. कातावीच्या जागी काही नाही. हुआनुनीच्या जागी बँडचं संगीत, लष्करी. ती परत अनिमासच्या जागेवर येते. धाकटा विचारतो, संपलं का? ती उत्तर देत नाही. बटणाकडे तिचा हात जातो आणि तसाच मागे येतो. घोंगडीखाली रेडिओ नुसता खरखरत राहतो, आणि सेल जळत राहतात.