वॉलरीय अपक्षय व मंदापक्षयी उंदीर

मज्जातंतू छेदला गेला असता मूळ पेशीपासून दुरावलेला त्याचा भाग विघटन पावतो, या घटनेस वॉलरीय अपक्षय म्हणतात. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू छेदून तिचे वर्णन केले. पेशीकडून येणारी रसद तुटल्यामुळे तंतू उपासमारीने मरतो, ही समजूत त्यानंतर शतकाहून अधिक काळ बिनतक्रार चालत राहिली.

तिला धक्का दिला तो उंदरांच्या एका वाणाने. १९८९ मध्ये ऑक्सफर्ड येथील लन, पेरी, ब्राउन प्रभृती संशोधकांना असे आढळले की, साध्या उंदरात छेदानंतर दीड-दोन दिवसांत निकामी होणारा तंतू या वाणात दोन आठवडे, किंबहुना त्याहूनही अधिक काळ, विद्युत्संदेश वाहू शकतो. चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहावे, तर साध्या उंदराच्या पायातील मज्जातंतूत मायलिनच्या आवरणाचे फुटके, अंडाकृती गोळे ओळीने पडलेले असतात. या वाणात मात्र तंतू बव्हंशी अखंड दिसतात.

याचे कारण चौथ्या गुणसूत्रावर सापडले. तेथील सुमारे ८५,००० आधारक-जोड्यांचा खंड लागोपाठ तीनदा येऊन दोन जनुकांचा सांधा जुळतो, आणि त्यातून एनएडी हे जीवनावश्यक द्रव्य घडविणारे टिकाऊ प्रथिन निर्माण होते. साध्या तंतूत हे काम करणारे एनएमएनएटी-२ हे विकर अल्पायुषी असते. छेदानंतर त्याचा पुरवठा खुंटताच सार्म-१ हे प्रथिन जागृत होते व उरलेले एनएडी स्वतःच नष्ट करते, ही गोष्ट २०१७ मध्ये सिद्ध झाली. रसद तुटते हे खरे, परंतु नाशाची अंमलबजावणी तंतूच्या आतूनच होते. या विषयातील सर्वांत मोलाचा शोध तो हाच.

तथापि तंतू टिकणे सर्वत्र हितावह नसते. जुन्या तंतूचे अवशेष हटल्याशिवाय नव्या अंकुरास वाट मिळत नाही, त्यामुळे याच उंदरांत संवेदी तंतूंची पुनर्वाढ रेंगाळते. व्याधींच्या बाबतीतही फळ विषम आहे: प्रेरक मज्जापेशींचा ऱ्हास होणाऱ्या ‘पीएमएन’ उंदरांचे आयुष्य या जनुकाने वाढले, पण एएलएस या व्याधीसाठी घडविलेल्या ‘एसओडी-१’ उंदरांस त्याचा लाभ नाममात्रच झाला. अधिक आशादायक पुरावा कर्करोगोपचाराच्या बाजूने आला आहे. सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिंक्रिस्टीन या औषधाने मज्जातंतूंना होणारी इजा सार्म-१ नसलेल्या उंदरांत टळल्याचे २०१६ मध्ये दिसून आले, आणि सार्म-१ ला आवर घालणाऱ्या औषधांचा शोध सध्या चालू आहे.