वाघाच्या जंगलातला रानपिंगळा

मेळघाट म्हटलं की आपल्याला वाघच आठवतो. १९७४ साली सातपुड्यातलं हे सागाचं जंगल महाराष्ट्रातला पहिला व्याघ्र प्रकल्प झालं. पण इतिहास सांगायचाय तो तिथल्याच एका वीतभर पक्ष्याचा, रानपिंगळ्याचा.

१८८४ नंतर याचा एकही खरा नमुना मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९१४चा म्हणून एक नमुना दाखवला होता. तो निघाला संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी; लेबल तेवढं खोटं! त्यावर विसंबलेले अभ्यासक भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही आढळला, आणि २०१४ साली आपल्या शहापूरजवळच्या तानसा अभयारण्यातसुद्धा.

म्हणजे बघा, वाघासाठी राखलेल्या जंगलात हाही तगून होता. नौपाड्यातून तानसा काही लांब नाही. जाल तेव्हा पक्षी बघा, पण वहीत तारीख आणि जागा खरीच लिहा. पुढचा शोधणारा त्याच नोंदीवरून वाट काढणार आहे.